पाहा: यौवनलोपी ग्रंथी

ज्ञान माणसाला मुक्त करते. आरोग्यकोशाच्या पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर, मधोमध, ठळक टायपात हे वाक्य घालायचे ठरले होते आणि तसे ते घातलेही गेले. फक्त छापताना जोडाक्षरातला त कुठेतरी गळाला आणि 'ज्ञान माणसाला मुक करते' असे छापून आले. संपादकांना चार दिवस जेवण गेले नाही. कोशाचे मुद्रितशोधक मात्र वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होते. मूक करायचेच होते, तर मू दीर्घ हवा होता.

त्याच मुद्रितशोधकांचे लाल पेन आज चौथ्या खंडाच्या सदतिसाव्या पानावर थांबले होते.

"लोपीचं लोभी झालंय," ते म्हणाले.

"कशाचं काय झालंय, काका?" समोरच्या टेबलावरून संपादकांनी विचारले. कार्यालयात मुद्रितशोधकांना सगळे वेलांटीकाका म्हणत. तोंडावर नुसते काका.

"यौवनलोपी ग्रंथी. इथे यौवनलोभी छापलंय."

"राहू द्या की. परिभाषा समितीचं सरासरी वय बघता तेच बरोबर आहे."

वेलांटीकाकांनी 'भ'वर फुली मारली, समासात 'प' लिहिला आणि मगच ते हसले. त्यांची हसण्याची हीच पद्धत होती. आधी दुरुस्ती, मग विनोद.

थायमस या ग्रंथीला आपल्या भाषेत शब्द नव्हता. परिभाषा समितीने तो शोधायला अकरा बैठका घेतल्या. 'बाल्यग्रंथी' हा शब्द बालिश वाटतो म्हणून फेटाळला गेला. 'वक्षग्रंथी'वर दोन सदस्य लाजले. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच तोडगा काढला. यौवन आले की लोप पावते, ती यौवनलोपी. समितीने बाके वाजवली. आता रुग्णाला हा शब्द कळला नसता आणि डॉक्टरांना कळायचे कारण नव्हते, पण शब्द झाला होता आणि शब्द झाला की समितीचे काम संपते.

"बरं झालं तुम्ही त्याच पानावर आहात," संपादक म्हणाले. "ती नोंद तीन ओळी जास्त होतेय. तीन ओळी काढायच्यात."

"पुढच्या पानावर जाऊ द्या."

"पुढच्या पानावर र. रंगांधत्व. त्याचं ते ठिपक्यांचं रंगीत पान आधीच छापून आलंय, गठ्ठे बांधून पडलेत. त्याला धक्का लावता येत नाही. य इथेच मरायला हवा."

"मी फक्त चुका बघतो साहेब. काय ठेवायचं, काय काढायचं हे तुम्ही बघा."

"सव्वीस वर्षं चुका बघताय, आज एक दिवस मजकूर बघा. सुचवा नुसतं. डॉक्टरबाईंना मी फोन करतो."

ही मागणी दिसते तेवढी साधी नव्हती. वेलांटीकाका मजकूर कधीच वाचत नसत. ओळीखाली पट्टी धरून ते पान खालून वर वाचायचे, शेवटची ओळ आधी आणि पहिली ओळ शेवटी. वाक्याला अर्थ येऊ लागला की डोळा फसतो, चुकीचे अक्षरही बरोबर दिसते, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे कावीळ, क्षय, गोवर, देवी हे सगळे त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते आणि त्यातले त्यांना काहीही माहीत नव्हते. त्यांच्या मुलीने शाळेत असताना एकदा जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, 'बाबा मी तुमच्यावर खुप चिडले आहे'. संध्याकाळी तिला ती परत मिळाली, 'खूप'चा खू दीर्घ करून आणि 'बाबा'नंतर स्वल्पविराम घालून. ती का चिडली होती, हे त्यांना आठवड्याने बायकोकडून कळले.

मुलीला ते टिंबू म्हणत. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती. नुसते टिंब.

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि नोंद वरून खाली वाचायला घेतली.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही ग्रंथी असते. बालपणी ती सर्वांत मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी चरबीच उरते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी इथे येऊन शिकतात. आपले कोण आणि परके कोण, एवढा एकच विषय. जी पेशी परक्याला ओळखत नाही ती नापास, जी आपल्यावरच हात उगारते तीही नापास. शंभरातल्या नव्वदांहून अधिक इथेच संपतात. उरलेल्या रोगाशी लढायला बाहेर पडतात. वेलांटीकाकांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिच्या वर्गाचा निकाल याहून बरा लागत असे.

मग व्युत्पत्ती होती, अध्यक्षांच्या नावासकट. मग शेवटचा परिच्छेद. तो बरोबर तीन ओळींचा होता.

'जन्मजात हृदयदोष असलेल्या तान्ह्या मुलांच्या शस्त्रक्रियेत हृदयापर्यंत पोचण्यासाठी ही ग्रंथी बहुधा काढून टाकावी लागते. अशा मुलांपैकी काहींमध्ये पुढील आयुष्यात संसर्गाला तोंड देण्याची क्षमता कमी आढळली आहे.'

त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरी ते बराच वेळ शोधत राहिले.

टिंबूच्या हृदयाला जन्मतःच भोक होते. अडीच महिन्यांची असताना तिची छाती उघडली. ती वाचली. नंतर शाळेत गेली, कॉलेजात गेली, सर्दी-खोकल्याने वर्षातून चार-पाचदा अंथरूण धरायची, पण तसे कुणाला होत नाही. तीन वर्षांपूर्वी, ती बावीस वर्षांची असताना, वेलांटीकाका कार्यालयातून ताप घेऊन घरी आले. कार्यालयात सगळ्यांनाच येऊन गेला होता. दोन दिवस शिंकले, गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी कामावर गेले. त्या तिसऱ्या दिवशी टिंबूला ताप भरला. पाचव्या दिवशी तो फुप्फुसांत उतरला. नवव्या दिवशी ती गेली.

वर्तमानपत्रात द्यायच्या निधनवार्तेचा मजकूर कुणीतरी लिहून आणला. त्यात 'दुखःद' असे होते. वेलांटीकाकांनी खिशातून पेन काढून विसर्ग दुच्या पुढे नेला. माणूस दगडाचा आहे, असे लोक म्हणाले.

बायको तसे काही म्हणाली नाही. ती एकदाच बोलली, महिन्याभराने, कपड्यांच्या घड्या घालताना.

"तुम्ही तेवढे दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपला असतात तर."

पुढे काहीच नाही. तिने उशीचा अभ्रा घडी करून कपाटात ठेवला. वाक्य अपुरे होते. 'तर'नंतर काहीतरी यायला हवे, हे पहिलीच्या पोरालाही कळते. वेलांटीकाकांनी तीन वर्षे त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग येण्याची वाट पाहिली होती. तो आला नाही. तेव्हापासून घरात बोलणे झाले ते भाजी, वीज आणि पाहुणे एवढ्यावर. अपवाद एकच. गेली दोन वर्षे महिन्या-दोन महिन्यांतून बायको विचारायची, "चौथ्या खंडाचं कुठवर आलं?" एवढा तरी आपल्या कामाचा जिव्हाळा तिला उरला आहे, याचे त्यांना बरे वाटे.

"काय, सापडल्या का ओळी?" संपादकांनी विचारले.

"व्युत्पत्ती काढा."

"काय?"

"अध्यक्षांची व्युत्पत्ती. चार ओळी आहेत. एक ओळ मोकळी राहील, चालेल."

संपादक उठून त्यांच्या टेबलाशी आले. "काका, अकरा बैठका! अध्यक्ष जिवंत आहेत अजून."

"ते काय हे पान उघडून बघणारेत?"

"मग दुसरं कुठलं उघडतील? माणूस कोशात स्वतःचा शब्द आणि स्वतःचं नाव, एवढंच तर वाचतो." त्यांनी बोट शेवटच्या परिच्छेदावर ठेवले. "हा बघा की. अगदी मापाचा आहे. तीन ओळी. काढला तर कुणी रडणार नाही."

"हा हवा."

"का?"

"माहिती आहे."

"कोशात सगळी माहितीच असते, काका. म्हणून तर कुणी वाचत नाही."

"हा हवा," वेलांटीकाका पुन्हा म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एखाद्या ऱ्हस्व-दीर्घाखेरीज दुसऱ्या कशासाठी हट्ट धरला होता. संपादकांनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि फोन उचलला. नोंद लिहिणाऱ्या डॉक्टरबाई निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांना कमी ऐकू यायचे, म्हणून त्या स्वतः ओरडून बोलत. फोनचा आवाज मोठा करायची गरज पडली नाही.

"कोश? अजून चालू आहे का तो? मला वाटलं बंद पडला. नऊ वर्षांपूर्वी लिहून दिलीय मी ती नोंद. तेव्हा माझे गुडघे चालत होते."

संपादकांनी अडचण सांगितली. मग फोन वेलांटीकाकांच्या हातात दिला.

"शेवटचा परिच्छेद," वेलांटीकाका म्हणाले. "तो खरा आहे ना?"

"खोटं कशाला लिहीन मी?"

"म्हणजे... समजा एखादी मुलगी आहे. अडीच महिन्यांची असताना तिचं ऑपरेशन झालं. पुढे बाविसाव्या वर्षी घरातल्या कुणाचा तरी साधा ताप तिला लागला. घरातला माणूस तीन दिवसांत बरा झाला. ती नाही झाली. तर ते त्या ग्रंथीमुळे?"



"असू शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. आता त्या ओरडत नव्हत्या. "नसूही शकतं. ग्रंथी काढलेली कितीतरी मुलं ठणठणीत जगतात. आणि ग्रंथी शाबूत असलेली माणसंही तापानं जातात. हजार मुलांबद्दल मी बोलू शकते हो, एकीबद्दल नाही सांगता येत कुणाला."

"पण असू शकतं."

"'काहींमध्ये आढळली आहे' असं लिहिलंय ना मी? त्याच्यापुढे मी एक अक्षर जाणार नाही. कोण होती ती?"

"उदाहरण म्हणून विचारलं."

"हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठेवा तो परिच्छेद. ती व्युत्पत्ती मी लिहिलेलीच नाही, ती तुमच्या अध्यक्षांनी घुसवलीय."

संपादकांनी हात टेकले. पानाची चूक झाली असे अध्यक्षांना सांगू, म्हणाले. वेलांटीकाकांनी व्युत्पत्तीवर लाल रेघ मारली, समासात काढून टाकण्याची खूण केली आणि दुरुस्त पानाची एक प्रत घडी करून पिशवीत ठेवली. आजवर त्यांनी कामाचा कागद घरी नेला नव्हता. जिना उतरताना त्यांना शीळ घालावीशी वाटली. आपल्याला शीळ येत नाही, हे त्यांना खालच्या पायरीवर आठवले.

घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते आणि खिडकीतले ऊन अजून टेबलावर होते. बायको वरच्या मजल्यावर कुणालातरी अपूर्णांक शिकवायला गेली होती, पाचपर्यंत येणार होती. वेलांटीकाकांनी पान टेबलावर ठेवून पाहिले. आधी उघडे ठेवले. मग शेवटचा परिच्छेद वर येईल अशी घडी घातली. 'सहज आणलंय, बघ वाचून,' हे वाक्य त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिले. 'सहज' काढून टाकले. पुन्हा घातले.

मग त्यांच्या मनात आले, टिंबूची ती ग्रंथी खरेच काढली होती का? कोशात 'बहुधा' असे होते. 'बहुधा' म्हणजे नेहमी नव्हे.

कपाटाच्या खालच्या खणात निळी फाइल होती. वर बायकोच्या अक्षरात टिंबूचे शाळेतले नाव. तिच्यातली सगळी कागदपत्रे बायकोनेच लावली होती, तारखेप्रमाणे. गेल्या पंचवीस वर्षांत ती फाइल वेलांटीकाकांनी कधी उघडली नव्हती. शस्त्रक्रियेची टिपणे डॉक्टरी अक्षरात होती, म्हणजे नसल्यासारखीच, पण मागे एक टंकलेला सारांश जोडला होता. त्यात चौथ्या ओळीत होते, 'थायमस पूर्णपणे काढली.'

त्यांनी श्वास सोडला. जो सुटला तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

त्याच्या खालचा कागद संमतिपत्राचा होता. आठ कलमे. गणिताच्या बाई पेपर तपासतात तशी प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण. आठच्या आठ कलमे तिने वाचली होती. खाली सही तिची. फक्त तिची. आणि पाचव्या कलमात, एका अक्षरावर, लाल फुली होती.

'हृदयापर्यंत पोचण्यासाठी थायमस ही ग्रंथि काढावी लागेल. त्याचे पुढे होऊ शकणारे परिणाम मला समजावून सांगण्यात आले आहेत.'

थि ऱ्हस्व होता. समासात, लाल शाईत, थी. दीर्घ.

ते अक्षर कुणाचे आहे हे ओळखायला वेलांटीकाकांना पट्टी लागली नाही.

इस्पितळाचा लांब व्हरांडा होता, भिंतीला लावलेले लोखंडी बाक होते. नर्सने फॉर्म आणून त्यांच्याच हातात दिला होता. त्यांनी तो पूर्ण वाचला होता. अक्षर अन् अक्षर. खिशातून पेन काढून थी दीर्घ केली तेव्हा नर्स म्हणाली होती, "अहो, हा फॉर्म आहे, परीक्षेचा पेपर नाही." मग त्यांनी कागद बायकोपुढे धरला होता. "तू कर सही. माझा हात थरथरतोय." बायकोने तो घेतला, वाचला आणि पाचव्या कलमावर बोट ठेवून ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली. "काय म्हणाले?" त्यांनी विचारले होते. "काही नाही. करून टाकू," ती म्हणाली होती, आणि बाकावर कागद ठेवून सही केली होती.

लाल खुणेची रेघ अगदी सरळ होती. ती मारताना हात थरथरला नव्हता.

वेलांटीकाकांनी फाइल बंद केली. जिथे होती तिथे ठेवली. मग, काहीतरी करायला हवे म्हणून, त्यांनी जे सव्वीस वर्षे केले होते तेच केले. एखादी नोंद छापायला जाण्याआधी, दुसऱ्या खंडांतून तिच्याकडे बोट दाखवणारी 'पाहा' तपासायची असते. थायमस थमध्ये, म्हणजे दुसऱ्या खंडात. दोन वर्षांपूर्वी तो खंड निघाला तेव्हा घरची प्रत त्यांनी फडताळात ठेवली होती. ती कुणी हलवल्याचे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

खंड हातात घेतला तसा तो आपोआप उघडला. ज्या पानावर पुस्तक पुन्हा पुन्हा उघडले जाते, त्याच पानावर ते उघडते. पानाची कड बोटांनी मळली होती.

'थायमस – पाहा: यौवनलोपी ग्रंथी.'

एवढीच नोंद. तिच्यापुढे पेन्सिलीने काढलेले एक बारीक वर्तुळ होते. मुलांच्या वह्या तपासताना, ज्या उदाहरणाचे उत्तर अजून यायचे आहे त्याच्यापुढे बायको असले वर्तुळ काढत असे. उत्तर आले की त्याच्या आत बरोबर किंवा चूक.

'य' चौथ्या खंडात होता.

जिन्यावर पावले वाजली. वेलांटीकाकांनी खंड फडताळात ठेवला, टेबलावरचे पान उचलले, पिशवीत घातले आणि पिशवी खुर्चीला लावली.

"आज लवकर?" बायको दारातून म्हणाली.

"हं. काम संपलं."

"त्या पोराला अर्धा आणि पाव यांतला मोठा कुठला ते कळत नाही. म्हणतो, चार मोठा असतो ना दोनाहून." तिने हात धुतले, ताटाळ्यातून ताट काढून पुसायला घेतले. "चौथ्या खंडाचं कुठवर आलं?"

"य संपला."

फडके ताटावर थांबले. "सगळा?"

"सगळा. उद्या र."

ताट कोरडे होते. ती ते पुसत राहिली. मग जवळच्या नात्यातल्या कुणाचे नाव घ्यावे तशी म्हणाली, "मग त्यात थायमसचंही आलं असेल."

"आलं."

"काय दिलंय?"

"छातीत असते. लहानपणी मोठी, वयात आलं की विरघळते. तिला शब्द शोधायला समितीला अकरा बैठका लागल्या."

ती हसली नाही. "आणि लहानपणीच काढून टाकली तर? त्याचं काही?"

वेलांटीकाकांनी आयुष्यात कुणाच्या मजकुरात स्वतःचे एक अक्षर घातले नव्हते, की कुणाचे अक्षर विनाकारण काढले नव्हते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. पिशवीचा बंद त्यांच्या बोटांना लागत होता.

"त्याचं काही दिलेलं नाही."

"नीट वाचलंत?"

"दोनदा. खालून वर आणि वरून खाली."

"तुम्ही अर्थ कुठे वाचता?"

"आज वाचला. तीन ओळी काढायच्या होत्या म्हणून वाचावा लागला."

"म्हणजे त्यानं काही होत नसणार."

"होत असतं तर दिलं असतं. डॉक्टरबाई फार काटेकोर आहेत त्या बाबतीत."

बायकोने ताट ओट्यावर ठेवले. मग ती खुर्चीत बसली, अगदी सावकाश, जिना चढून आलेले माणूस बसते तशी. चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, पुन्हा काढला. टेबलावरचे ऊन तिच्या मनगटापर्यंत आले होते. ती त्याकडे बघत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही तेवढे दोन दिवस बाहेरच्या खोलीत झोपला असतात, तर टिंबू वाचली असती."

आवाजात राग नव्हता. फळ्यावर शेवटची पायरी लिहून झाली की ती ती वाचून दाखवायची, तसा आवाज होता.

"हो," वेलांटीकाका म्हणाले.

"मला उगीच वाटायचं..."

"काय?"

"काही नाही."

ती रडू लागली. तीन वर्षांत ती त्यांच्यासमोर रडली नव्हती. ते उभेच होते. थोड्या वेळाने तिने हात लांब केला आणि खुर्चीच्या पाठीवर असलेला त्यांचा हात धरला.

"तुम्हाला तरी काय माहीत, असं होईल म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"नाही."

"साधा तर ताप होता."

"साधाच होता."

"उगाच मनाला लावून घेऊ नका. तेव्हा मी तसं बोलायला नको होतं."

"तू काही बोललीच नव्हतीस. वाक्य अर्धंच होतं."

ती रडता रडता हसली. "तुमचं आपलं भलतंच," म्हणाली, आणि उठून तिने दोघांचा चहा ठेवला. गेली तीन वर्षे ज्याने त्याने आपापला करून घेतला होता. साखर जास्त पडली होती. वेलांटीकाका काही बोलले नाहीत. कप संपवला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला कार्यालयात गेले, सदतिसावे पान पुढे ओढले आणि शेवटच्या तीन ओळींवर लाल रेघ मारली. ती सरळ यावी म्हणून आज पट्टी धरावी लागली. व्युत्पत्तीखाली त्यांनी ठिपक्यांची रांग काढली. काढलेला मजकूर पुन्हा ठेवा, अशी ती खूण असते.

संपादकांनी पान हातात घेतले. "काल याच ओळींसाठी माझं डोकं खाल्लंत ना, काका?"

"मापाच्या आहेत. बरोबर तीन."

"मग काल?"

"काल मोजल्या नव्हत्या."

"आणि डॉक्टरबाई?"

"अध्यक्ष जिवंत आहेत," वेलांटीकाका म्हणाले आणि त्यांनी रंगांधत्वाचे पान पुढे घेतले.

खंड त्याच वर्षी निघाला. डॉक्टरबाईंना त्यांची प्रत पोचली तसे त्यांचे पत्र आले. सगळ्या नोंदीत कुणाच्या उपयोगाच्या असल्या तर त्या तीन ओळी होत्या, आणि नेमक्या त्याच कुणी काढल्या हे आपल्याला कळायला हवे, असे त्यांनी लिहिले होते. संपादकांनी उलटटपाली दिलगिरी कळवली आणि दुसऱ्या आवृत्तीत त्या ओळी आवर्जून घेऊ, असे लेखी आश्वासन दिले. उत्तराचे मुद्रित नेहमीप्रमाणे वेलांटीकाकांनी तपासले. पहिली आवृत्ती अकराशे प्रतींची होती. त्यांतल्या नऊशे चाळीस अजून गोदामात आहेत.